पट्टी बदलावी, की तारांमधले अंतर?

प्रश्न : मी सोलापूरच्या भद्रावती पेठेत राहतो आणि एका टॉवेल कारखान्यात हिशेबाचे काम करतो. वय ३४. दिवाळीच्या बोनसमधून आठ तारांचे मेंडोलिन घेतले. शेजारचे काका पूर्वी ऑर्केस्ट्रात मेंडोलिन वाजवीत. ते दर रविवारी शिकवतात आणि वाद्य नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे जाड तारेकडून, पेटीच्या पट्ट्यांच्या नावांनी, पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन असे लावून देतात. गुरुवारी मी आमच्या भजनी मंडळात बसतो. तेथे सर्वांचा स्वर काळी एक असतो. पेटी वाजवणारे अण्णा म्हणतात, की हे ट्यूनिंग आपल्या गाण्याच्या कामाचे नाही, कर्नाटक संगीतातल्या व्हायोलिनसारखे सा-प-सा-प लाव. आमच्या घरी तेलुगू बोलतात आणि यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन मी लहानपणापासून ऐकत आलो आहे, म्हणून मलाही ते पटते. मग रविवारी एक ट्यूनिंग आणि गुरुवारी दुसरे असे चालले आहे. तीन महिन्यांत चार बारीक तारा तुटल्या आणि एकही अभंग सलग वाजवता येत नाही. कोणते तरी एक सांगा. शिवाय घरात चुलत आजोबांचे, पाठीला घुमट असलेले जुने मेंडोलिन पडून आहे. प्रयोगासाठी त्याला नव्या तारा चढवाव्यात का? (कृपया नाव छापू नये.)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपले काका आणि आपले अण्णा यांच्यातला वाद मला आपले पत्र वाचताना खोटा वाटला, कारण ते दोघे दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत आणि आपण ती एकाच प्रश्नाची उत्तरे समजून दर आठवड्याला खुंट्या पिळत आहात. वाद्य कोणत्या पट्टीत असावे हा एक प्रश्न झाला. तारांच्या एका जोडीपासून दुसऱ्या जोडीपर्यंत किती स्वरांचे अंतर असावे हा दुसरा. अण्णांची खरी तक्रार पट्टीविषयी आहे आणि ती रास्त आहे. काकांचा खरा आग्रह अंतराविषयी आहे आणि तोही रास्त आहे. माझे मत आधीच सांगतो : पहिले वर्षभर काकांचे अंतर ठेवा आणि पट्टी अण्णांची घ्या. हे एकाच वाद्यावर, एकाही तारेला इजा न होता करता येते.

प्रथम नेहमीचे ट्यूनिंग नेमके काय आहे ते पाहू. पांढरी पाचपासून पांढरी दोन, तेथून पांढरी सहा आणि तेथून पांढरी तीन, यांतली प्रत्येक पायरी पंचमाची आहे, म्हणजे सात अर्धस्वरांची. म्हणूनच कोणत्याही जोडीच्या सातव्या पडद्यावर (पडदा म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी, एका पडद्याला एक अर्धस्वर) बोट ठेवले, की पुढच्या मोकळ्या जोडीचा स्वर मिळतो, आणि वाद्य लागले आहे की नाही हे आपण याच खुणेने तपासतो. व्हायोलिनची रचना हीच आहे. अठराव्या शतकात इटलीतल्या नेपल्स शहरात चार जोड्यांचे मेंडोलिन घडले, तेव्हा त्यानेही तीच घेतली. तिचा शिकणाऱ्याला होणारा लाभ असा, की सर्व जोड्यांमधले अंतर सारखे असल्यामुळे एका जोडीवर बसलेली चाल शेजारच्या जोडीवर बोटांची ठेवण न बदलता नेता येते आणि ती तशीच्या तशी पंचमाने वर वाजते. आपली सप्तकाची मांडणीही या रचनेला किती अनुकूल आहे पाहा. एका जोडीवर सा धरा आणि पुढच्या जोडीवर पंचम. बिलावल थाटाचे (थाट म्हणजे सात स्वरांचा ठरावीक साचा) सा रे ग म हे मोकळी तार, दुसरा, चौथा आणि पाचवा पडदा असे येतात, आणि प ध नी सा हे पुढच्या जोडीवर अगदी त्याच पडद्यांवर येतात. काफीत मोकळी, दुसरा, तिसरा, पाचवा. भैरवीत मोकळी, पहिला, तिसरा, पाचवा. भैरवात मोकळी, पहिला, चौथा, पाचवा. या चारही थाटांत पूर्वांग आणि उत्तरांग, म्हणजे सप्तकाचा पहिला आणि दुसरा अर्धा भाग, यांची ठेवण एकच राहते. तेव्हा हे ट्यूनिंग विलायती आहे आणि आपल्या गाण्याच्या कामाचे नाही, हे अण्णांचे म्हणणे मला मान्य नाही.

पण त्यांना असे का वाटते, हे समजू शकते. आपल्या मंडळाचा सा काळी एक आहे, आणि नेहमीप्रमाणे लावलेल्या मेंडोलिनवर काळी एक कोणत्याच मोकळ्या तारेवर नाही. प्रत्येक सा पडद्यावर शोधावा लागतो, मोकळ्या तारेला चुकून पिक (तार छेडण्याचा लहान तुकडा) लागला तर भलताच स्वर घुमतो, आणि टाळमृदंगाच्या गजरात नवशिक्याची बोटे घसरतात. हे अण्णांच्या कानाला खटकले तर त्यांचा दोष नाही.

यावर उपाय असा. चारही जोड्या सरसकट अर्ध्या स्वराने उतरवा. पांढरी पाच होईल काळी तीन, पांढरी दोन होईल काळी एक, पांढरी सहा होईल काळी चार आणि पांढरी तीन होईल काळी दोन. (पेटीवर हे चारही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे लक्षात ठेवायला सोपे.) आता जाडीकडून दुसरी जोडी आपला मध्य सप्तकातला सा झाली, तिसरी पंचम झाली, सर्वांत जाड जोडी मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला मध्यम झाली आणि सर्वांत बारीक जोडी तार सप्तकातला शुद्ध रिषभ. म-सा-प-रे अशी ही रचना मंडळाच्या स्वरात बसते, जोड्यांमधले पंचमाचे अंतर जसेच्या तसे राहते आणि काकांनी शिकवलेला एकही धडा वाया जात नाही. तारांवरचा ताणही सुमारे ११ टक्क्यांनी कमी होतो. आवाज किंचित मऊ वाटेल, पण शिकणाऱ्याच्या बोटांना त्यात सुखच आहे.

रविवारी काकांना नेहमीचीच पट्टी हवी असेल, तर पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावावा. अर्ध्या स्वराने उतरवलेले वाद्य पहिल्या पडद्यावर दाबले, की पुन्हा पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. मात्र कॅपो मेंडोलिनच्या अरुंद मानेचाच घ्यावा. गिटारचा रुंद आणि जड असतो, तो या मानेवर नीट बसत नाही आणि तारा वाकड्या दाबून बेसूर करतो. एवढ्या लहान वस्तूने आपला आठवड्यातून दोनदा खुंट्या फिरवण्याचा उद्योग संपेल.

आता सा-प-सा-प कडे वळतो, कारण आपल्या चार तारा तेथेच गेल्या आहेत. काळी एकमध्ये शब्दशः सा-प-सा-प लावायचे, तर शेवटच्या बारीक जोडीवर पंचम, म्हणजे काळी चार यायला हवी. आपण ती पांढरी तीनपासून वर चढवीत असणार. हे अंतर चार अर्धस्वरांचे आहे. तारेची लांबी आणि जाडी तीच असताना ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अर्ध्या स्वराला सुमारे १२ टक्के, पूर्ण स्वराला २६ टक्के आणि चार अर्धस्वरांना जवळजवळ ५९ टक्के. मेंडोलिनची सर्वांत बारीक तार एक इंचाच्या शंभराव्या भागाएवढी, फार तर किंचित जाड असते आणि नेहमीच्या स्वरातही ती चांगलीच ताणलेली असते. ती तुटली यात नवल नाही. एखादी चढलीच असती तर नवल. उलट बाजूने सगळ्या तारा खाली आणून सा-प-सा-प साधायचे म्हटले, तर जाड तार सहा अर्धस्वर उतरते, तिचा ताण निम्म्यावर येतो आणि ती पडद्यांवर खडखडू लागते. त्या पट्टीत ते ट्यूनिंग हवे असेल, तर तारांचा जाडसर संच निराळा घ्यावा लागतो. नेहमीच्या तारांवर काळी एकसाठी सोयीचे होते ते प-सा-प-सा : जाड जोडी अर्धा स्वर वर, मधल्या दोन्ही अर्धा स्वर खाली आणि बारीक जोडी तीन अर्धस्वर खाली. सा-प-सा-प नेहमीच्या तारांवर सहज जमते ते पांढरी पाचमध्ये, कारण तेथे जाड दोन जोड्यांना हातही लावावा लागत नाही, बारीक दोन फक्त पूर्ण स्वराने उतरतात.

प-सा-प-सा वाईट आहे, असे मी म्हणत नाही. त्याचे सुख मी भोगले आहे. माझ्या पहिल्या शिक्षकांनी मला तेच लावून दिले होते आणि दोन महिन्यांत माझा पहिला अभंग बसला, कारण बोट कोठेही चुकले तरी सा आणि प घुमत राहत आणि चूक झाकली जाई. दीड वर्षाने एका ऑर्केस्ट्राच्या तालमीला गेलो. गायिकेने पट्टी एका स्वराने चढवायला सांगितली आणि माझी बोटे जागच्या जागी थिजली. त्या ट्यूनिंगमध्ये जोड्यांमधले अंतर एकदा मध्यमाचे, मग पंचमाचे, पुन्हा मध्यमाचे असे असते. म्हणजे पुढच्या जोडीचा स्वर कधी पाचव्या पडद्यावर, कधी सातव्या. मोकळ्या तारांच्या आधाराने ते लपून राहते, आधार गेला की उघडे पडते. पुढचे आठ महिने मी नेहमीचे ट्यूनिंग पुन्हा अक्षरओळखीपासून शिकलो. हातांना झालेली सवय मोडणे हे नव्याने शिकण्यापेक्षा अवघड गेले, आणि आपण तर दोन सवयी एकाच वेळी लावून घेत आहात.

पाश्चात्त्य लोकसंगीतातही हा मोह आहे. आयर्लंडचे सूर वाजवणारे काही जण मेंडोलिनची बारीक जोडी पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरवतात. अमेरिकेतल्या जुन्या ग्रामीण नाचगाण्यांत पांढरी सहा, पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी तीन असे, म्हणजे आपल्या भाषेत सा-प-सा-प, लावण्याची फिडलवाल्यांची, म्हणजे तिकडच्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांची रीत मेंडोलिनवरही आली. कारण आपल्या अण्णांचेच आहे : एकाच स्वरावर तासन्‌तास वाजवायचे असेल, तर मोकळ्या तारा तंबोऱ्याचे काम करतात. पण त्यांतले बहुतेक वादक नेहमीचे ट्यूनिंग हातात मुरल्यावर इकडे वळतात, आणि दोन-चार चालींपुरते वळून पुन्हा मूळ ठिकाणी येतात.

यू. श्रीनिवास यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण आपल्या मनातला खरा ओढा तिकडे आहे असे पत्रावरून दिसते. आंध्रातल्या पालकोल्लू गावी १९६९ साली जन्मलेल्या या कलावंताने गमकांसाठी, म्हणजे स्वर आंदोलित करण्यासाठी, वाद्यच बदलून घेतले. त्यांचे मेंडोलिन इलेक्ट्रिक होते आणि त्यावर जोडतारा नव्हत्या, एकेरी तारा होत्या, आधी चार आणि पुढे पाच. एकेरी तार बोटाने ओढून स्वर वाकवता येतो. आपल्या वाद्यावर दोन तारा एका वेळी तितक्याच ओढल्या गेल्या नाहीत, तर त्या एकमेकींशी भांडतात. तेव्हा आपण त्यांचे ट्यूनिंग घेतले तरी त्यांचा आवाज आपल्या आठ तारांवर येणार नाही. आपल्याला उचलता येण्यासारखी त्यांची गोष्ट दुसरी आहे. त्यांचे गुरू रुद्रराजू सुब्बाराजू स्वतः मेंडोलिन वाजवीत नसत. ते गाऊन दाखवत आणि शिष्य ते तारांवर शोधून काढी. आपण भजन गाता. अभंगाची ओळ आधी सरगमीत गा, मग वाजवा. संगीतकार सज्जाद हुसेन (१९१७–१९९५) यांनीही चित्रपटसंगीत सांभाळून याच वाद्यावर हिंदुस्थानी राग वाजवून दाखवले. मेंडोलिनवर आपले गाणे वाजते की नाही, ही शंका मागच्याच पिढ्यांनी मिटवली आहे.

माझ्या सल्ल्याला एक अपवाद आहे आणि तो मी मनापासून सांगतो. आपल्याला फक्त रागसंगीत वाजवायचे असते, सा एकच राहणार असता आणि त्याच पद्धतीने शिकवणारे गुरू आठवड्यातून दोनदा समोर बसवून घेत असते, तर मी म्हटले असते, की पहिल्या दिवसापासून सा-प-सा-प किंवा प-सा-प-सा, गुरू म्हणतील ते, योग्य जाडीच्या तारांवर लावा आणि मागे वळून पाहू नका. तेथे एका सप्तकाची ठेवण दुसऱ्या सप्तकात तशीच उमटते, हा मोठा लाभ आहे. आपली स्थिती तशी नाही. आपल्याला शिकवणारी व्यक्ती एकच आहे, ती नेहमीच्या पद्धतीने शिकवते आणि न चुकता दर रविवारी येते. सोलापुरात मेंडोलिनसाठी इतका वेळ देणारा शेजारी मिळणे ही लहान गोष्ट नाही.

म-सा-प-रे या रचनेची अडचणही सांगून ठेवतो. शेवटची मोकळी जोडी शुद्ध रिषभाची असल्यामुळे भैरव, तोडी, भैरवी अशा कोमल रिषभाच्या रागांतल्या चालींत ती बोचते. पिक चुकून लागला, की नको तो रे घुमतो. अशा वेळी फक्त ती एक जोडी पूर्ण स्वराने उतरवून तार सा करावी, म्हणजे म-सा-प-सा होईल. दोनच खुंट्या फिरतात, ताण कमीच होतो आणि उरलेल्या तीन जोड्यांवरची ओळख कायम राहते. पर्यायी ट्यूनिंगची आपली पहिली पायरी ही असावी, पण एखादा अभंग म-सा-प-रे मध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाजू लागल्यानंतर. मालकंसातल्या चालीला पंचम आणि रिषभ दोन्ही वर्ज्य, तेथे मोकळ्या बारीक जोड्यांना हात न लावणे एवढेच पथ्य पाळावे. प्रत्येक रागासाठी खुंट्या फिरवायला लागलो तर वाजवायचे कधी?

वाद्य लावताना पेटीबरोबरच लावावे, मोबाईलवरच्या ट्यूनरवर सर्वस्वी विसंबू नये, कारण मंडळाची पेटी जुनी असेल तर तिची काळी एक ट्यूनरच्या काळी एकशी तंतोतंत जुळेलच असे नाही आणि पेटी काही आपल्यासाठी बदलणार नाही. जोडीतली एक तार बोटाने दाबून गप्प करावी, दुसरी लावावी, मग पहिली तिच्याशी जुळवावी. स्वर नेहमी खालून वर आणावा. जास्त चढला तर पुरेसा उतरवून पुन्हा वर यावे, नाहीतर खुंटीच्या दात्यांतली ढिलाई थोड्या वेळाने तार उतरवते. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) चिकटवलेली नसते, केवळ तारांच्या दाबाने उभी असते, म्हणून सगळ्या तारा एकदम कधीही सैल करू नयेत. ट्यूनिंग बदलल्यावर बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात येतो का, हे तपासावे आणि येत नसेल तर घोडी काकांकडून केसभर सरकवून घ्यावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत वाद्य टांगलेले असेल, तर तापलेल्या तारा सैलावून स्वर खाली येतो आणि लाकूडही सुकते. वाद्य त्याच्या खोक्यात घालून आतल्या भिंतीशी ठेवावे, कूलरच्या झोतासमोर नको.

राहिले आपल्या चुलत आजोबांचे मेंडोलिन. घुमटाच्या पाठीची जुनी वाद्ये अंगाने हलकी असतात आणि आठही तारांचा एकत्रित ताण ७० किलोच्या आसपास जातो. इतकी वर्षे तारांवाचून पडलेल्या वाद्यावर तो एकाएकी चढवला, तर मान उचलली जाते किंवा पुढची फळी बसते, आणि मग दुरुस्तीला काही अर्थ उरत नाही. तारा घेण्यापूर्वी मानेला सुतळीचा दोरा ताणून लावून पाहा : पडद्यांच्या मध्यभागी आणि दोऱ्यात कागदाच्या जाडीहून जास्त फट दिसली, किंवा घुमटाच्या पट्ट्यांमध्ये नखाला भेग लागली, तर ते आधी वाद्य दुरुस्त करणाऱ्याला दाखवा. मान सरळ असेल तर मिळतील त्यांत सर्वांत बारीक तारांचा संच घ्या, नेहमीपेक्षा पूर्ण स्वराने खाली लावा आणि आठवडाभर तसेच ठेवून फळीवर डोळा ठेवा. त्यावर प-सा-प-सा लावून पाहायची हौस असेल तर जाड जोडी काळी एकच्या पंचमापर्यंत चढवू नका. सा आणखी दोन अर्धस्वर खाली, पांढरी सातवर धरा, म्हणजे एकही जोडी नेहमीच्या स्वराच्या वर जाणार नाही. ते वाद्य मात्र गुरुवारी मंडळात नेऊ नये, कारण त्याची पट्टी अण्णांच्या पेटीशी जुळणार नाही.